गळते केस आणि स्वतःचें रक्त

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें गांव बंजारा समाजास काशीसारखें वंद्य आहे. संत सेवालाल महाराज (१७३९–१८०६) यांची समाधि तेथें आहे आणि रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतील माणसें तेथें लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्या गांवीं बंजारा समाजाच्या वारशाचें एक भव्य संग्रहालय उघडलें. या समाजांतील जुन्या वळणाच्या स्त्रियांचा वेष ज्यांनीं एकदां तरी पाहिला असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट राहिल्यावांचून जात नाहीं. अंगावरील आरसे व कवड्या जितक्या डोळ्यांत भरतात तितकेच केसांतील दागिनेही भरतात. घुगरी व टोपली हे अलंकार कानांवरच्या बटांत गुंफलेले असतात, आणि ती विवाहित स्त्रीची खूण समजली जाते. आम्हां इतरांकडे सौभाग्याची खूण कपाळावर आणि गळ्यांत. येथें ती केसांच्या आधारानें लोंबते. केसांची प्रतिष्ठा एवढी असल्यावर केस जाण्याचें दुःख किती असेल, तें निराळें सांगावयास नको.

या दुःखावर गेल्या पंधरावीस वर्षांत एक नवा उपाय निघाला आहे. रोग्याच्या हातांतून थोडें रक्त काढावयाचें, तें यंत्रांत फिरवून त्याचा एक विशिष्ट भाग वेगळा करावयाचा, आणि तो त्याच्याच डोक्याच्या कातडींत सुईनें टोंचावयाचा. याला पीआरपी असें त्रोटक इंग्रजी नांव आहे. मुंबई-पुण्यांत तर तो रुळलाच. आतां वऱ्हाडांतील जिल्ह्यांच्या गांवींही त्याच्या पाट्या झळकतात. एका बैठकीस कित्येक हजार रुपये पडतात आणि बैठका तीन-चार तरी होतात. मुलीचें लग्न ठरवावयाचें आहे आणि तिचे केस विरळ होत आहेत, अशा चिंतेंत असलेला बाप हा पैसा कोठून तरी उभा करतोच. तो सत्कारणीं लागतो कीं नाहीं, हा आमचा प्रश्न. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. तथापि या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर इतिहासांत आहे असें आमचें मत आहे, आणि तो इतिहास फार दूरचाही नाहीं.

त्यासाठीं बंजाऱ्यांची दुसरी ओळख आधीं सांगितली पाहिजे. हे लोक मूळचे धान्य वाहणारे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून एका प्रांताचें धान्य व मीठ दुसऱ्या प्रांतांत नेणें हा त्यांचा शतकानुशतकांचा उद्योग. मोगलांच्या दक्षिणेंतील फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या. १८०३ सालीं आर्थर वेलस्लीनें असई, अडगांव आणि गाविलगड येथें जी मोहीम केली तींतही त्याची भिस्त बंजाऱ्यांच्या पुरवठ्यावर होती. पुढें आगगाडी आली आणि बैलांचे तांडे बसले. धान्याचा प्रवास मात्र थांबला नाहीं, उलट वाढला. पूर्वीं माणूस आपल्या शिवारांतला जोंधळा खाई, आणि दुष्काळ पडला किंवा फौज आली तरच परप्रांतीचा दाणा त्याच्या ताटांत येई. आतां वऱ्हाडांतील खेडुताच्या घरीं रेशनच्या दुकानांतून येणारा गहूं कोणत्या मातींत पिकला, हें त्याला ठाऊक नसतें आणि दुकानदारालाही ठाऊक नसतें. धान्याची ही वाट केसांच्या रोगाशीं कोठें येऊन मिळते, तें पुढील हकीकतीवरून दिसेल.

पोहरादेवीचें संग्रहालय उघडून तीन महिने झाले नाहींत तोंच वाशिमला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांतून एक चमत्कारिक वार्ता आली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं माणसांच्या डोक्याचे केस नुसते ओढतांच हातांत येऊं लागले. आधीं डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम. जानेवारी सरेपर्यंत १८ गांवांतील २७९ माणसांना हा विकार जडला. त्यांत वृद्ध होते तशींच शाळकरी मुलें होतीं, आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलीही होत्या. कित्येकांनीं लाजेस्तव उरलेसुरले केसही भादरून टाकले. वर्तमानपत्रांनीं टकलांचीं छायाचित्रें छापलीं. ज्यांचीं छापलीं त्यांना काय वाटलें असेल याचा विचार फारसा कोणीं केलेला दिसला नाहीं.

मग कारणांचा शोध सुरू झाला. हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचा. तेव्हां पहिला संशय पाण्यावर गेला, आणि पाण्यांत क्षार व नायट्रेट जास्त आहेत असें निघालेंही. परंतु तें पाणी लोक पिढ्यान् पिढ्या पीत आले होते. कोणी बुरशी म्हणाले. कोणी शांपूला दोष दिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीं पथकें आलीं, रक्ताचे, लघवीचे व केसांचे नमुने गेले. या धामधुमींत महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं आपल्या परीनें तपास केला. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हें औषध लागू पडतें हें कोंकणांतील लहानशा रुग्णालयांत बसून जगाला दाखवून देणारे, आणि २०२२ सालीं पद्मश्री मिळविलेले हे गृहस्थ मराठी वाचकांस अपरिचित नाहींत. त्यांनीं डोकीं पाहिलींच, पण घरांतील गहूंही तपासावयास पाठविला. बाधित घरांतला रेशनचा गहूं पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, आणि त्यांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारें ६०० पट होतें, असा निष्कर्ष त्यांनीं फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर केला. रोग्यांच्या रक्तांत तें ३५ पट, लघवींत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलें आढळलें, आणि जस्त मात्र कमी पडलेलें होतें, असेंही त्यांनीं सांगितलें. एप्रिल २०२५ मध्यें त्याच गांवांतून नखें ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियमच्या विषबाधेंत केसांपाठोपाठ नखें जातात, हें पूर्वींपासून नोंदलेलें आहे.

पूर्वींपासून म्हणजे कधींपासून? सेलेनियमचा शोध स्वीडनमधील बर्झेलियस यानें १८१७ सालीं लाविला आणि चंद्रदेवतेच्या ग्रीक नांवावरून त्याचें नामकरण केलें. पण त्याचा प्रताप माणसांच्या आधीं घोड्यांवर नोंदला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या मिसूरी नदीकांठच्या एका लष्करी ठाण्यावर घोड्यांचीं आयाळें व शेपट्यांचे केस गळले, खूर सुटले आणि जनावरें मेलीं. तेथल्या लष्करी डॉक्टरानें तें लिहून ठेविलें. ती बाधा त्या मातींतल्या सेलेनियमची होती हें कळावयास १९३० नंतरचें दशक उजाडावें लागलें. १९६१ ते १९६४ या काळांत चीनमधील एन्शी भागांत गांवेंच्या गांवें केस आणि नखें गमावून बसलीं. तेथेंही दोष मातींतून पिकांत उतरलेल्या सेलेनियमचाच. २००८ सालीं अमेरिकेंत एका पौष्टिक अर्काच्या बाटल्यांत हें द्रव्य चुकीनें कितीतरी पट पडलें आणि २०१ माणसांस बाधा झाली. आपल्याकडे पंजाबांतील होशियारपूर व नवांशहर या भागांतील कांहीं जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचें कृषिशास्त्रज्ञ अनेक वर्षें लिहीत आले आहेत. अर्थात् शेगांवची गोष्ट जगाच्या इतिहासांत एकाकी नाहीं. आमच्या प्रांतांत ती नवी, एवढेंच.

आतां या हकीकतीचा पीआरपीशीं संबंध. शेगांवच्या रोग्यांपैकीं पुष्कळांच्या डोक्यांवर कांहीं आठवड्यांनीं पुन्हां केस उगवूं लागले. विष पोटांत जावयाचें थांबलें आणि केसांनीं आपली वाट धरली. समजा, त्याच आठवड्यांत कोणी एखादा चतुर गृहस्थ त्या गांवीं जाऊन माक्याचें तेल वाटता, किंवा रक्ताच्या सुया टोंचता, किंवा अंगाराच लावता. तर त्याची कीर्ति आज नागपुरापर्यंत गेली असती आणि २७९ साक्षीदार शपथेवर उभे राहिले असते. त्यांतील एकही खोटें बोलला नसता! केशचिकित्सेचा सबंध इतिहास या एका गोष्टीनें नासलेला आहे. केस गळतात ते पुष्कळदां आपोआप परत येतात. आणि ते येत असतां जो कोणी डोक्यापाशीं उभा असेल त्याला यश मिळतें.

केसांचा स्वभावच तसा आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षें वाढतो, मग सुमारें तीन महिने विश्रांति घेतो आणि गळतो. त्याच्या जागीं दुसरा येतो. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस जातातच. विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया असा आघात झाला म्हणजे पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीस जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं झपाट्यानें गळतात. आमच्या आज्या बाळंतिणीच्या केसांविषयीं घाबरत नसत, त्या एवढ्याचसाठीं. मूल हंसूं लागलें कीं केस जातात आणि रांगूं लागलें कीं येतात, एवढें त्यांना अनुभवानें माहीत होतें. २०२० व २०२१ सालीं कोरोनाच्या तापांतून उठलेल्या हजारोंचे केस असेच गेले आणि सहा महिन्यांच्या आंतबाहेर परतले. त्या सहा महिन्यांत कोणीं काय काय विकत घेतलें, याचा हिशेब काढला तर तो मोठा उद्बोधक होईल.

याउलट अनुवंशानें येणारें टक्कल. तें हळूहळू येतें, कपाळाच्या कोपऱ्यांपासून किंवा टाळूपासून सुरू होतें, आणि आपण होऊन परत फिरत नाहीं. तिसरी जात आपण जिला चाई म्हणतों ती. तींत शरीराचें रक्षक दळच केसांच्या मुळांवर उलटतें, रुपयाएवढे चट्टे पडतात, आणि तेही कित्येकदां स्वतःच भरून येतात. चौथी जात ओढीची: केस नित्य ताणून बांधले कीं मुळें सैल होतात; हें प्रथम १९०७ सालीं ग्रीनलंडच्या घट्ट अंबाडा घालणाऱ्या स्त्रियांत नोंदलें गेलें. हे सर्व प्रकार लोकांच्या तोंडीं ‘केस गळतात’ या दोनच शब्दांत येतात, आणि तेथेंच फसवणुकीला वाव मिळतो.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं हा भेद कांहीं अंशीं तरी ओळखला होता. इंद्रलुप्त, खालित्य, पालित्य हीं नांवें त्यांनीं वेगळीं योजिलीं. त्यांची उपपत्ति अशी कीं, पित्त वाताशीं मिळून रोमकूपांत शिरतें आणि केस पाडतें. मग कफ व रक्त मिळून तीं छिद्रें बुजवितात, म्हणून नवे केस येत नाहींत. उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो, उपचार तिच्याशीं सुसंगत होता: बुजलेलीं छिद्रें उघडण्यासाठीं कातडीवर बारीक टोंचे मारून दूषित रक्त वाहूं द्यावयाचें आणि वर गुंजेसारख्या द्रव्यांचा लेप द्यावयाचा. सुश्रुत हस्तिदंताच्या राखेचाही लेप सांगतो. पहा, टोंचणें तेव्हांही होतें आणि रक्तही होतें. तेव्हां रक्त बाहेर काढीत, आतां आंत घालतात. दोन्ही काळीं रोग्यास सुईचें दुःख झालें म्हणजे कांहीं तरी भारी उपचार झाला असें वाटतें, हा मानवी भाग मात्र बदललेला नाहीं. सुईचा हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां येणार आहे.

मधला काळ तेलांचा. जुन्या मासिकांचीं मलपृष्ठें चाळलीं तर कामिनिया आणि जबाकुसुम यांच्या जाहिरातींतील लांब केसांच्या स्त्रिया हटकून भेटतात. तेलानें केस मऊ राहतात आणि तुटत कमी. तेवढें त्याचें श्रेय त्यास द्यावें. मूळ सुकल्यावर तेल कांहीं करूं शकत नाहीं.

खरी प्रगति झाली ती रोगाचें कारण सांपडल्यावर. खच्ची केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाहीं हें ग्रीकांस ठाऊक होतें. १९४२ सालीं अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यानें तें पद्धतशीर तपासलें: तसल्या माणसांस पुरुषत्वाचा अंतःस्राव बाहेरून दिला तर ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांस तें पडूं लागतें, आणि देणें थांबविलें कीं पुढें वाढत नाहीं. म्हणजे बीज अनुवंशाचें, आणि त्याला पाणी घालणारा तो स्राव. या स्रावाची एक पायरी अडविणारी फिनास्टेराइड ही गोळी १९९७ सालीं अमेरिकेंत पुरुषांच्या टकलासाठीं मान्य झाली. तत्पूर्वीं १९८८ सालीं मिनॉक्सिडिल मान्य झालें होतें. तें मूळचें रक्तदाबाचें औषध, आणि रोग्यांच्या अंगावर नको तेथें केस येऊं लागल्यामुळें त्याचा हा दुसरा उपयोग ध्यानांत आला. दोन्ही औषधें सामान्य माणसाच्या आंवाक्यांतील आहेत, दोन्ही हजारों माणसांवर तपासलेलीं आहेत, आणि दोहोंचा दोष एकच कीं घेणें थांबविलें तर मिळविलेले केस जातात. शिवाय पहिल्या औषधानें कांहीं पुरुषांत कामशक्ति मंदावते, आणि गर्भवतीनें तें घेऊं नये. लोकांना कंटाळा येतो तो याचाच: जन्मभर रोज डोक्याला औषध लावावयाचें! एका महिन्यांत चार सुयांनीं काम होत असेल तर कोणास नको आहे?

येथें पीआरपीचा प्रवेश होतो, आणि त्याचा पूर्वेतिहास मोठा अब्रूदार आहे. रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींशिवाय प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म चकत्या असतात. डेंग्यूच्या कृपेनें हा शब्द आतां घरोघरीं पोंचला आहे. त्यांचें रक्त थिजविण्यांतील काम १८८२ सालीं इटलींतील ज्यूलिओ बिझोझेरो यानें दाखविलें. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या दीड ते साडेचार लाख असतात. १९७४ सालीं अमेरिकेंत रसेल रॉस व त्याच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, या चकत्यांतून एक द्रव्य सुटतें आणि तें पेशींस वाढावयास प्रवृत्त करतें. जखम झाली कीं प्लेटलेट प्रथम भोंक बुजवितात आणि मग दुरुस्तीच्या कामगारांस हांक मारतात, असें म्हणा. मग त्यांचा सांठाच जखमेवर ओतला तर? १९८७ सालीं इटलींत हृदयाच्या शस्त्रक्रियेंत रोग्याचें स्वतःचें प्लेटलेटयुक्त रक्तद्रव वापरलें गेलें. १९९८ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट मार्क्स यानें जबड्याच्या हाडाच्या कलमांत तें वापरून हाड लवकर भरतें असें प्रसिद्ध केलें. तेथून तें गुडघ्यांत, खेळाडूंच्या स्नायूंत आणि शेवटीं डोक्यावर आलें. २००६ सालीं ब्राझीलच्या कार्लोस उएबेल यानें २० पुरुषांच्या डोक्यावर केशरोपण करतांना एका बाजूचीं रोपें या द्रवांत भिजवून लाविलीं आणि दुसऱ्या बाजूचीं तशींच. भिजविलेलीं अधिक जगलीं.

कृति साधी आहे. रक्त काढून त्यांत तें गोठूं नये असें द्रव्य घालतात आणि नळी गरगर फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशीं बसतात, वर पिंवळसर द्रव येतो, आणि त्यांतला प्लेटलेटांनीं दाट झालेला भाग उचलून घेतात. साध्या रक्ताच्या तीन ते पांच पट प्लेटलेट त्यांत असाव्यात अशी अपेक्षा. ‘अपेक्षा’ हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. कारण नळी कोणी एकदां फिरवितो, कोणी दोनदां, वेग निराळे, नळ्या निराळ्या, आणि डोक्यांत टोंचण्यापूर्वीं त्या द्रवांतील प्लेटलेट मोजून पाहणारे विरळा. गोळीवर जसा मिलिग्रॅमचा आंकडा असतो तसा येथें नसतो. एका दवाखान्यांतील पीआरपी व दुसऱ्या दवाखान्यांतील पीआरपी या नांवानें सारख्या, पण वस्तु म्हणून बहुधा भिन्न असतात.

आतां पुरावा. आमच्याच महाराष्ट्रांत, लोणीच्या प्रवरा संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञांनीं २०१४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधांनीं गुण न आलेल्या ११ रोग्यांस दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानें चार वेळां हा द्रव टोंचला, आणि डोक्याच्या ठराविक जागेंतील केसांच्या मुळांची सरासरी संख्या ७१ वरून ९३ वर गेली. प्रयत्न प्रामाणिक, आंकडा आशादायक. पण ज्यांस पीआरपी दिलें नाहीं असा तुलनेचा गट त्यांत नव्हता, आणि ११ ही संख्या लहान. २०१५ सालीं रोममधील जेंतिले व सहकाऱ्यांनीं अर्ध्या डोक्यास पीआरपी व अर्ध्यास नुसता द्रव टोंचून पाहिला. पीआरपीच्या बाजूस केस निःसंशय वाढले. २०१६ सालीं अमेरिकेंत २६ स्त्रियांवर प्रयोग झाला, कोणास काय दिलें तें त्यांस कळूं न देतां. पीआरपीवाल्या व खारें पाणी मिळालेल्या स्त्रियांत फरक दिसला नाहीं. त्यावर आक्षेप असा कीं सुई एकदांच दिली होती. ठीक. मग २०२० सालीं न्यूयॉर्कमधील जेरी शपिरो यांच्या मंडळीनें ३५ स्त्री-पुरुषांवर तीन-तीन वेळां टोंचून प्रयोग केला; एका जागीं पीआरपी, दुसऱ्या जागीं मिठाचें पाणी. पीआरपीच्या जागीं दर चौरस सेंटिमीटरला केस सुमारें १५१ वरून १७१ झाले. मिठाच्या पाण्याच्या जागीं? सुमारें १५१ वरून १६७!

हे दोन आंकडे आम्हांस या सबंध वादांत सर्वांत बोलके वाटतात. पीआरपी घेतलेल्या रोग्यानें ‘मला गुण आला’ म्हटलें तर तो खरेंच बोलतो. केस मोजून वाढलेले आहेत. पण मिठाच्या पाण्यानेंही ते जवळजवळ तितकेच वाढले. एका जागीं टोंचलेलें द्रव्य शेजारीं झिरपलें असेल, असें पीआरपीचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि तें अशक्य नाहीं. सुईच्या टोंचण्यानेंच कातडी जागी होत असेल, असें दुसरे म्हणतात. सुश्रुताच्या टोंच्यांची आठवण येथें सहज होते. ऋतुमानानें केस वाढले असतील, किंवा उपचारांत नांव घातलेला माणूस डोक्याची निगा अधिक राखीत असेल. यांतील कोणतें कारण खरें, याचा निकाल हजारों रुपयांच्या सुया घेणाऱ्याच्या अनुभवानें लागत नाहीं. तो अशा तुलनेनेंच लागावयाचा. अनेक प्रयोगांची एकत्र बेरीज करणारे पंडित पारडें पीआरपीच्या बाजूस झुकतें असें सांगतात, आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. बेरजेंत लहान व परस्परांशीं न जुळणारे प्रयोग फार आहेत, हेंही तेच पंडित सांगतात.

म्हणून आमचा कौल असा. अनुवंशिक विरळपणा नुकता सुरू झाला आहे, मुळें जिवंत आहेत, नेहमींचीं औषधें नियमानें घेऊन पाहिलीं किंवा तीं सोसत नाहींत, आणि घरीं पैशाची ओढ नाहीं, अशा माणसानें पीआरपी घेतलें तर तें मूर्खपणाचें म्हणतां येणार नाहीं. थोडी दाटी वाढेल. ती टिकविण्यास वर्षांतून एकदोनदां पुन्हां जावें लागेल. जेथें कातडी गुळगुळीत होऊन वर्षें लोटलीं, तेथें रुजवावयास बींच उरलेलें नसतें. तेथें हा खर्च व्यर्थ. आणि जेथें ताप, बाळंतपण, उपासमार किंवा विष यांनीं केस गेले, तेथें हा उपाय अनावश्यक, कारण कारण दूर झालें कीं केस आपण होऊन येतात. कारण दूर झालें नाहीं तर सुईनेंही येत नाहींत. कर्ज काढून पीआरपी घेण्याजोगा एकही प्रकार आम्हांस दिसत नाहीं. विरळ केसांच्या मुलीच्या बापानें प्रथम तिचें रक्त पांडुरोगासाठीं, लोहासाठीं व थायरॉइडसाठीं तपासून घ्यावें. त्याला लागणारे पैसे एका सुईहून पुष्कळ कमी आहेत आणि आमच्या खेड्यांतील मुलींत लोहाची तूट कांहीं दुर्मिळ नव्हे.

स्वतःचें रक्त म्हणून धोका नाहीं, असें जें सांगितलें जातें तें बहुतांशीं खरें आहे. दोन दिवस डोकें दुखतें, सूज येते, इतकेंच. मात्र रक्त ‘स्वतःचेंच’ राहील याची हमी नळी हाताळणाऱ्यावर अवलंबून असते. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत चेहऱ्यास रक्तद्रव टोंचणारें एक सौंदर्यगृह २०१८ सालीं बंद करावें लागलें. तेथें उपचार घेतलेल्या स्त्रियांस एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केला. सौंदर्यगृहांत रक्त काढूं देऊं नये. त्वचारोगाची रीतसर पदवी असलेल्या डॉक्टराकडेच जावें, नळीवर आपलें नांव चिकटविलेलें पहावें आणि सुई आपल्यासमोर फोडली जाते कीं नाहीं तेंही पहावें. यांत संकोच धरूं नये.

उपचार घेण्याचें ठरलेंच असेल तर आणखी एक गोष्ट करावी. पहिल्या बैठकीपूर्वीं स्वतःच आपल्या डोक्याचें छायाचित्र घ्यावें: त्याच खिडकीपाशीं, त्याच वेळीं, केस कोरडे व भांग त्याच जागीं; आणि सहा महिन्यांनीं तसेंच पुन्हां घ्यावें. दवाखान्याच्या भिंतीवरील ‘पूर्वीं’ व ‘नंतर’ या चित्रांत पूर्वींचे केस बहुधा ओले असतात आणि दिवा बरोबर टाळूवर असतो.